क्रूझवरून माया अवशेष पाहायला जाताना : नवख्या प्रवाशांसाठी मार्गदर्शन

आई-बाबा सांगलीहून हिवाळ्यासाठी आमच्याकडे ह्यूस्टनला आले, तेव्हा आम्ही गॅल्व्हस्टन बंदरातून निघणारी सात रात्रींची क्रूझ घेतली. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक असल्यामुळे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया संस्कृतीचे अवशेष पाहणे हाच आमचा मुख्य हेतू होता. छायाचित्रांवर भाळून आम्ही कोसुमेल बेटावरून तुलूमची सहल निवडली. सकाळी जहाजातून उतरल्यापासून परत चढेपर्यंत सुमारे सात तास गेले आणि त्यांतले प्रत्यक्ष तटबंदीच्या आत मिळाले ते एक तास दहा मिनिटे. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा त्याच मार्गाने गेलो, त्यापेक्षा कितीतरी कमी प्रसिद्ध अशी दोन स्थळे निवडली आणि बाबांना एका देवळासमोर अर्धा तास शांतपणे बसता आले. या दोन प्रवासांमधून जे कळले ते क्रमाने लिहीत आहे. ज्यांची ही पहिलीच क्रूझ आहे आणि ज्यांच्याबरोबर घरातली वडीलधारी माणसे आहेत, त्यांना याचा विशेष उपयोग व्हावा.

१. स्थळ निवडण्याआधी तासांचा हिशेब मांडा

जहाज बंदरात सकाळी ८ ते संध्याकाळी ५ थांबणार असे वेळापत्रकात दिसले की आपण नऊ तास हाताशी आहेत असे धरतो. तसे नसते. जहाज धक्क्याला लागल्यानंतर उतरण्याची परवानगी मिळून गर्दीतून बाहेर पडेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. निघण्याच्या वेळेआधी साधारण अर्धा ते एक तास सर्वांनी जहाजावर परतलेले असावे लागते. उरलेल्या वेळातून जाण्या-येण्याचा प्रवास, स्वच्छतागृहाचा थांबा, तिकिटाची रांग आणि वाटेतले दुकान वजा करा. बहुतेक सहलींमध्ये असे एक दुकान असतेच. जे उरेल तो तुमचा खरा वेळ. सहलीच्या माहितीपत्रकात ‘एकूण कालावधी’ ठळक छापलेला असतो, पण अवशेषांच्या ठिकाणी नेमका किती वेळ मिळणार हे पुष्कळदा विचारल्याशिवाय कळत नाही. तो आकडा मागून घ्या. दीड तासापेक्षा कमी असेल तर माझ्या मते दुसरे स्थळ शोधावे.

२. कोणत्या बंदरातून काय पाहता येते

कोसुमेल हे मेक्सिकोच्या किंताना रू राज्यातले बेट आहे आणि तुलूम मुख्य भूमीवर आहे. त्यामुळे तुलूमला जायचे तर आधी लाँचने सुमारे पाऊण तासाचा समुद्र ओलांडून प्लाया देल कार्मेन गाठावे लागते आणि तिथून दक्षिणेला बसने साधारण तासभर जावे लागते. येताना हेच उलट करायचे. हिवाळ्यात उत्तरेकडून जोराचे वारे येतात, त्यांना तिथे ‘नॉर्ते’ म्हणतात. अशा दिवशी हा समुद्र चांगलाच खवळलेला असतो आणि ज्यांना बोट लागते त्यांचे हाल होतात. तुलूम सुंदर आहे यात शंका नाही. तीन बाजूंनी दगडी तट, चौथ्या बाजूला सुमारे १२ मीटर उंचीचा कडा आणि त्याखाली निळा समुद्र, असे दुसरे माया नगर सहसा पाहायला मिळत नाही. १५१८ मध्ये हुआन दे ग्रिहाल्वाच्या स्पॅनिश मोहिमेने समुद्रातून हा किनारा पाहिला, तेव्हा इथे माया लोकांची वस्ती नांदती होती. मात्र सावली जवळजवळ नाही, गर्दी फार आहे आणि वाहनतळापासून प्रवेशद्वारापर्यंतही बरेच चालावे लागते.

कोसुमेलवर उतरून बेट न सोडता पाहता येते ते सान हेर्वासिओ. टॅक्सीने साधारण अर्ध्या तासात तिथे पोहोचता येते. इमारती लहान आहेत, उंच पिरॅमिड नाहीत, म्हणून पुष्कळ लोक हे स्थळ टाळतात. पण हे इश्चेल देवीचे तीर्थक्षेत्र होते. इश्चेल ही बाळंतपणाची, औषधोपचाराची आणि चंद्राशी जोडलेली देवी. माया स्त्रिया मुख्य भूमीवरून होड्यांनी समुद्र ओलांडून तिच्या दर्शनाला येत असत. हे ऐकल्यावर आई त्या ठिकाणी ज्या आत्मीयतेने फिरली, ती मी तुलूमला पाहिली नव्हती.

मेक्सिकोतल्याच कोस्ता माया बंदरातून चाकचोबेन सुमारे एक तासाच्या बसप्रवासावर आहे. मध्ये समुद्र नाही, लाँच नाही. १९७२ मध्ये पीटर हॅरिसन या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने या स्थळाची नोंद केली आणि २००२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. दाट झाडीत दडलेली देवळे, पामची उंच झाडे आणि बऱ्यापैकी सावली यांमुळे वयस्कर माणसांना घेऊन जायला हे मला सर्वांत योग्य वाटले. नावाचा अर्थ ‘तांबड्या मक्याचे ठिकाण’ असा सांगतात.

प्रोग्रेसो बंदर मेक्सिकोच्या युकातान राज्यात आहे. चिचेन इत्सा हे प्रसिद्ध माया नगर पाहायचे असेल तर याच बंदरातून जावे, तरीही एका बाजूचा प्रवास सुमारे दोन तासांचा आहे हे लक्षात ठेवावे. तिथल्या कुकुल्कान पिरॅमिडच्या चारही बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आहेत आणि माथ्यावरची एक धरून त्या ३६५ होतात. पिरॅमिडवर चढायला बंदी आहे. कोसुमेलहून चिचेन इत्साला नेणाऱ्या सहलीही मिळतात, पण लाँच आणि मग अडीच-तीन तासांची बस असा तो दिवस असतो. ज्येष्ठांना घेऊन तो करू नये. प्रोग्रेसोहून उश्माल हे दुसरे माया नगरही गाठता येते. ते चिचेन इत्साइतके गजबजलेले नसते आणि तिथले कोरीवकाम अधिक नाजूक आहे.

बेलीझ सिटीला समुद्र उथळ असल्यामुळे मोठे जहाज लांबच नांगर टाकते आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. त्या ये-जा करण्याचा वेळ हिशेबात वेगळा धरावा. तिथून जवळचे माया स्थळ म्हणजे ‘आल्तुन हा’. १९६८ मध्ये पुरातत्त्वज्ञ डेव्हिड पेंडरगास्ट यांना तिथल्या एका थडग्यात सूर्यदेवाचे मानले जाणारे जेड या हिरव्या मौल्यवान दगडाचे कोरीव मस्तक सापडले, त्याचे वजन सुमारे ४.४ किलो आहे. बेलीझची राजभाषा इंग्रजी असल्यामुळे आपल्या लोकांना गाइडशी थेट बोलता येते, ही मोठी सोय आहे.

३. जहाजाची सहल घ्यावी की स्वतंत्र जावे

जहाजामार्फत घेतलेली सहल महाग असते, बसमध्ये चाळीस-पन्नास माणसे असतात आणि वेळ कोणाच्याही हातात नसतो. परंतु वाटेत बस बंद पडली किंवा लाँच उशिरा सुटली, तर जहाज थांबते, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतंत्र गेलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. हवामानामुळे जहाजाने ते बंदरच टाळले, तर जहाजाच्या सहलीचे पैसे परत मिळतात. बाहेर आरक्षण केले असेल तर त्या व्यावसायिकाच्या अटी आधी वाचाव्या लागतात.

माझा सल्ला असा की जिथे समुद्र ओलांडायचा आहे किंवा एका बाजूला तासापेक्षा जास्त प्रवास आहे, तिथे जहाजाचीच सहल घ्यावी. सान हेर्वासिओसारख्या जवळच्या स्थळी मात्र स्वतःची टॅक्सी ठरवावी. भाडे बसण्याआधी ठरवावे, ते माणशी आहे की गाडीमागे हे स्पष्ट विचारावे आणि चालकाला थांबण्याचे तास सांगून पैसे परतल्यावर द्यावेत.

४. कागदपत्रे

भारतीय पारपत्र असणाऱ्यांनी हा भाग क्रूझचे पैसे भरण्याआधी वाचावा.

मेक्सिकोत शिरण्यासाठी, ज्यांच्याकडे अमेरिकेचा वैध व्हिसा आहे त्यांना वेगळ्या मेक्सिकन व्हिसाची गरज नसते. खरी अडचण परतीची असते. क्रूझ अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत येत असली तरी मधे तुम्ही देशाबाहेर गेलेले असता. म्हणून भारतातून आलेल्या आई-वडिलांचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आणि परतीच्या तारखेपर्यंत वैध असायला हवा. पारपत्राची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणाऱ्यांपैकी ज्यांच्या पारपत्रावरचा व्हिसा संपलेला आहे, त्यांनी केवळ मुदतवाढीच्या मंजुरीपत्राच्या भरवशावर आरक्षण करू नये. इमिग्रेशन वकिलाला आणि क्रूझ कंपनीला दोघांनाही लेखी विचारावे आणि उत्तर जवळ ठेवावे. बेलीझ किंवा होंडुरास मार्गात असेल तर त्या देशांचे नियम वेगळे तपासावेत.

बरोबर घ्यायची कागदपत्रे अशी:

• मूळ पारपत्र, व्हिसा, आय-९४ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) छापील प्रत, ग्रीन कार्ड असल्यास ते
• पारपत्राच्या आणि व्हिसाच्या पानाची रंगीत प्रत, प्रत्येकासाठी वेगळी
• जहाजाचे कार्ड आणि छायाचित्र असलेले दुसरे ओळखपत्र, कारण परतताना धक्क्याच्या फाटकावर ती मागतात
• सहलीचे तिकीट आणि बंदरातल्या स्थानिक प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक, जो जहाजाच्या रोजच्या पत्रकात छापलेला असतो
• प्रवास विम्याचे पत्र, विशेषतः ज्येष्ठांसाठी

जहाजाच्या सहलीला जाताना आम्ही मूळ पारपत्रे केबिनच्या तिजोरीत ठेवली आणि प्रती नेल्या. स्वतंत्र गेलो तेव्हा मूळ पारपत्रे अंगावरच्या पट्ट्यात ठेवली, कारण जहाज चुकले तर विमानाने परतायला तीच लागतात.

५. जहाजाची वेळ आणि किनाऱ्याची वेळ

या एका मुद्द्यावर सर्वांत जास्त लोक फसतात, आम्हीही फसलो. किंताना रू राज्याने २०१५ मध्ये आपली वेळ बदलली. तिथे वर्षभर न्यूयॉर्कच्या हिवाळी वेळेइतकी वेळ असते आणि उन्हाळ्यात घड्याळ पुढे केले जात नाही. युकातान राज्य आणि बेलीझ वर्षभर त्याच्या एक तास मागे असतात. जहाज मात्र स्वतःची वेळ पाळते. काही जहाजे बंदराप्रमाणे घड्याळ बदलतात, काही निघाल्या बंदराचीच वेळ शेवटपर्यंत ठेवतात.

फ्लोरिडातून उन्हाळ्यात निघालेले जहाज आपली वेळ बदलत नसेल, तर कोसुमेलला उतरल्यावर तुमचा मोबाइल आपोआप एक तास मागे जाईल. मोबाइलवर ३ वाजलेले दिसतील तेव्हा जहाजावर ४ वाजलेले असतील. प्रोग्रेसोला हाच फरक दोन तासांचा होईल. जहाज डोळ्यांदेखत निघून जाते ते बहुधा अशाच वेळी. आमचे उलट झाले. जानेवारीत टेक्सासची वेळ कोसुमेलच्या एक तास मागे असते. सान हेर्वासिओसाठी आम्ही आदल्या दिवशी संदेश पाठवून एका गाइडला ९ वाजता बोलावले होते. आम्ही जहाजाच्या ९ वाजता पोहोचलो, तेव्हा तिथे १० वाजून गेले होते आणि तो दुसऱ्या कुटुंबाबरोबर निघून गेला होता. चूक पूर्णपणे आमची होती.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येकाने हातात साधे घड्याळ घालावे, ते जहाजाच्या वेळेवर ठेवावे आणि दिवसभर त्याला हात लावू नये. मोबाइलची आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करावी. जहाजातून उतरताना दाराजवळच्या फलकावर परतीची शेवटची वेळ लिहिलेली असते, तिचा फोटो काढावा. गाइड किंवा टॅक्सीवाल्याशी बोलताना ‘स्थानिक वेळ’ हे शब्द प्रत्येक वेळी उच्चारावेत.

६. पिशवीत काय असावे

टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पकड असलेले बंद बूट, पाण्याची स्टीलची बाटली, डास पळवणारे मलम, नेहमीची औषधे आणि पावसाची पातळ घोंगडी एवढे पुरे. चुनखडीचे दगड शेकडो वर्षांच्या वावराने गुळगुळीत झाले आहेत आणि पावसाच्या एका सरीनंतर ते साबणासारखे निसरडे होतात. चपला नकोत. गुडघे दुखणाऱ्यांनी घडीची काठी न्यावी. बोट लागण्याची गोळी लाँचमध्ये बसल्यावर घेऊन उपयोग नाही, ती निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी. वाटेत सेनोते, म्हणजे चुनखडीची जमीन खचून तयार झालेला गोड्या पाण्याचा डोह पाहणार असाल, तर उन्हाचे मलम लावून त्यात उतरू नये. पाणी खराब होते म्हणून बहुतेक ठिकाणी आधी अंघोळ करायला सांगतात. ड्रोन नेऊ नये, अवशेषांवर ते उडवायला बंदी आहे.

सुटे पेसो जवळ असावेत. मेक्सिकोतल्या काही स्थळांवर एकाऐवजी दोन-तीन वेगवेगळी तिकिटे काढावी लागतात, कारण पुरातत्त्व खाते, राज्य सरकार आणि उद्यान यांची आकारणी स्वतंत्र असते. तुलूमला आता असेच आहे. सहलीच्या किमतीत यांतली सगळी धरलेली आहेत का, हे विचारून घ्यावे. रविवारी मेक्सिकोच्या नागरिकांना प्रवेश मोफत असल्यामुळे त्या दिवशी गर्दी वाढते.

७. शाकाहारी असाल तर

जहाजावरून शिजवलेले अन्न किंवा फळे किनाऱ्यावर नेऊ देत नाहीत. घरून आणलेली कारखान्याची बंद पाकिटे, जसे खाकरा, चिक्की किंवा शेंगदाणे, बहुधा चालतात. घरी केलेल्या दशम्या किंवा लाडू जहाजावर चढतानाच काढून घेतले जाण्याची शक्यता असते. स्थानिक खाणावळीत घेवड्याच्या उसळीसारखे दिसणारे ‘फ्रिहोलेस’ पुष्कळदा डुकराच्या चरबीत केलेले असतात. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय आणि ‘सिन मान्तेका’ म्हणजे चरबीशिवाय, हे दोन शब्द पाठ करून ठेवावेत. मक्याची पोळी मैद्याच्या पोळीपेक्षा सुरक्षित. पाणी बंद बाटलीचेच प्यावे.

८. अवशेषांपाशी पोहोचल्यावर

जहाजांच्या सगळ्या बसगाड्या एकाच वेळी पोहोचतात आणि सगळे गट सर्वांत मोठ्या इमारतीकडे जातात. स्वतंत्र गेला असाल तर उलट्या टोकाकडून सुरुवात करावी. गटात असाल तर गाइडचे बोलणे संपल्यावर मिळणारा मोकळा वेळ फोटोंसाठी न घालवता एकाच वास्तूला द्यावा. कोणती, ते आदल्या रात्री ठरवून ठेवावे.

तुलूमला मी भित्तिचित्रांचे देऊळ निवडेन. आत जाता येत नाही, पण कोपऱ्यांवर गिलाव्यात काढलेले चेहरे बाहेरून नीट दिसतात. दरवाजावरच्या कोनाड्यात डोके खाली आणि पाय वर अशी उतरणाऱ्या देवाची मूर्ती आहे, ती तुलूममध्ये अनेक ठिकाणी आढळते. सान हेर्वासिओला ‘मानितास’ नावाची लहानशी वास्तू आहे, तिच्या भिंतीवर तांबड्या रंगातले हातांचे ठसे आहेत. आपल्याकडे वास्तुशांतीला किंवा लग्नघरी भिंतीवर हात उमटवतात ते पाहिलेल्या माणसाला तिथून लवकर निघवत नाही. तिथेच ‘सकबे’, म्हणजे ‘पांढरा रस्ता’, आहे. माया लोकांकडे ओझी वाहणारी जनावरे नव्हती, चाकाच्या गाड्याही ते वापरत नव्हते. तरी त्यांनी दगड भरून आणि वर चुनखडी पसरून जंगलातून असे उंच, सरळ रस्ते बांधले.

त्या रस्त्यावरची कमान बारकाईने पाहावी. तिला मधला कळीचा दगड नाही. दोन्ही बाजूंचे दगड थराथराने पुढे सरकवत आणून वर एका सपाट दगडाने जोडले आहेत. हेमाडपंती देवळांच्या सभामंडपात वर पाहिले की छताचे दगडही असेच एकावर एक पुढे येत गेलेले दिसतात. बाबांनी हे आम्हाला तिथे उभे राहून दाखवले. फरक एवढाच की आपली देवळे दगडाला दगड बसवून चुन्याशिवाय उभी केली, तर माया गवंड्यांचा सगळा भर चुन्यावर होता. आज करडे दिसणारे हे दगड एके काळी गिलावा देऊन रंगवलेले होते, आणि चाकचोबेनला काही ठिकाणी तो तांबडा रंग अजून दिसतो.

गाइड शक्यतो स्थानिक माया घ्यावा. माया लोक नाहीसे झाले असे समजून आपण जातो, ते चूक आहे. मेक्सिकोत युकातेक माया भाषा आजही ७ लाखांहून अधिक लोक बोलतात. चाकचोबेनचा आमचा गाइड घरी तीच भाषा बोलत होता. तिच्या लिपीत रोमन ‘एक्स’ अक्षराचा उच्चार ‘श’ होतो, एवढे माहीत असले तरी पाट्यांवरची नावे नीट वाचता येतात. त्यामुळे ‘उक्समाल’ नव्हे, उश्माल. निघताना आईने त्याला ‘दिओस बोओतिक’ म्हटले, त्या भाषेतले ‘आभारी आहे’, आणि तो फाटकापर्यंत आमच्याबरोबर चालत आला.

‘चढू नये’ असे लिहिले असेल तिथे पहिल्या पायरीवरही पाय ठेवू नये. बेलीझमध्ये काही पिरॅमिडांवर चढायला परवानगी आहे, मात्र पायऱ्या उंच आणि अरुंद असतात, आणि चढण्यापेक्षा उतरणे अवघड जाते. उतरताना तिरके, एका वेळी एकच पायरी उतरावे.

९. परतताना

खापराचा तुकडा, दगड किंवा शंख आठवण म्हणून उचलू नये. पुरावशेष नेणे हा मेक्सिकोत गंभीर गुन्हा आहे. बाहेरच्या दुकानांत ‘जुने’ म्हणून विकतात त्या वस्तूही घेऊ नयेत. विणलेले कापड किंवा नव्या लाकडी मूर्ती घ्यायला हरकत नाही. फळे आणि बिया अमेरिकेच्या सीमाशुल्क तपासणीत अडकतात.

परतीच्या शेवटच्या वेळेआधी निदान दीड तास धक्क्यावर पोहोचण्याचे ठरवावे. त्या बेताने निघाले तरी फाटकावरच्या रांगेत अर्धा तास जातो, कारण तीन-चार जहाजांचे प्रवासी एकाच वेळी परतत असतात.

आणखी एक गोष्ट मला दुसऱ्या प्रवासात सुचली. घरी गेल्यावर सगळे पिरॅमिड छायाचित्रांत सारखे दिसू लागतात. म्हणून प्रत्येक वास्तूचा फोटो काढण्याआधी तिच्या नावाच्या पाटीचा फोटो काढावा.